शरतचा चार्ज

आमच्या घरमालकिणीचा मुलगा शरत हा गेली अठरा वर्षं शरतच्या जागेवर इनचार्ज म्हणून काम बघतो. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे. म्हैसूरजवळच्या हिनकलला आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी त्याने स्वतः मला ते सांगितलं. पाण्याची मोटर कुठून चालू करायची हे विचारायला मी खाली गेले होते. दारात चाळिशी ओलांडलेला, भांग नीट पाडलेला, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक माणूस उभा होता.

"तुम्ही शरत ना?" मी विचारलं.

"शरत नाहीत. मी इनचार्ज आहे," तो म्हणाला. "मोटरचं बटण जिन्याखाली. ते दाखवतो, ते रोजच्या कामात येतंय."

मला वाटलं, शरत गावाला गेला असेल आणि हा कोणी चुलतभाऊ घर सांभाळायला आला असेल. मग आठवडाभर मी त्या चुलतभावाला "शरत कधी येणार?" असं विचारत राहिले, आणि तो दर वेळी अदबीने "तारीख कळवलेली नाही, मॅडम" असं उत्तर देत राहिला. शेवटी शकुंतलाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं. हातात अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची परात दिली आणि सोलता सोलता सगळं सांगून टाकलं.

"दुसरं कोण नाही ग ते, तोच शरत. डोक्याचं सीक आहे त्याला, स्किझोफ्रेनिया. अठरा वर्ष आयितु. गोळ्या घेतंय, परवागिल्ल, भिऊ नको. तू मात्र सुम्मने उगीच 'शरत कवा येणार' म्हणून इचारत बसू नको. उत्तर द्यायला त्याला कष्ट होतंय."

मी मूळची साताऱ्याची. हेब्बाळच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाकडून लॅपटॉप, ओळखपत्र आणि ड्रॉवरची किल्ली परत घेतल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. एकजण किल्ली न देता गेला, तर मी त्याला त्याच्या लग्नाच्या मांडवात फोन केला होता. नवरा म्हणतो, तुझ्या तावडीतून यमसुद्धा चार्ज दिल्याशिवाय कोणाला नेऊ शकणार नाही. हे सांगायचं कारण असं की, वेड्यांच्या घरात शहाणी येऊन पडली असा माझा आव होता आणि तो फार दिवस टिकला नाही.

शकुंतलाबाईंच्या सासरचे मूळपुरुष मराठी मुलखातून म्हैसूरच्या राजाकडे शिपाईगिरीला आले. पुढे तलवार गेली आणि तिच्या जागी सरकारी नोकरी आली. शरतचे वडील सदाशिवराव एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं होते, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. जगातले बहुतेक घोटाळे लोक चार्ज न देता उठून जातात म्हणून होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. ते मत त्यांनी घरातही लागू केलं. शकुंतलाबाई दोन दिवस वरुणा गावाला भावाकडे जत्रेला निघाल्या, तरी आधी लिस्ट व्हायची. शेगडी एक, दुधाचं कार्ड एक, तुरीच्या डाळीचा डबा अर्धा, तुळस जिवंत. बारा वर्षांची सुमा, म्हणजे शरतची बहीण, त्यावर घेणार म्हणून सही करायची, आणि आई परत आली की तपासून उलट सही व्हायची, वेळेसकट. शकुंतलाबाई आता हसतात. म्हणतात, मंगळसूत्र तेवढं कधी लिस्टमध्ये घातलं नाही त्यांनी, उपकार म्हणायचे.

शरत परीक्षा देऊन वडिलांच्याच खात्यात लागला. सव्विसाव्या वर्षी त्याचं बिनसायला लागलं. ते कसं, हे त्याने मला एकदा जिन्यावर बसून अगदी सरळ सांगितलं. ऑफिसात तो स्वतःच्या अक्षरातला शेरा वाचायचा, आणि आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या कोणीतरी तो लिहिला आहे असं त्याला वाटायचं. हात शिक्के मारायचा आणि तो हाताचं काम संपायची वाट बघत बसायचा. मंडी मोहल्ल्याच्या बसमध्ये मनात एक विचार यायचा, तेवढ्यात पुढच्या सीटवरची बाई मान वळवायची, म्हणजे विचार तिथवर पोचला होता.

"चहा प्यायला जायचा, मॅडम," तो म्हणाला. "कप रिकामा व्हायचा. पण प्यालं कोण, ते बघायला गेलं की तिथं कोणी नसायचं. तुम्हाला तसं बघायला जावं लागत नाही, अल्लवा?"

मी म्हटलं, नाही लागत. त्या दिवसापासून मात्र मी चहा पिताना अधूनमधून बघायला जाते आणि माझा चहा गार होतो.

तर अशा दिवसांत जूनच्या एका दुपारी शरत ऑफिसातून लवकर घरी आला. हातात डबा होता. उंबऱ्यातच उभा राहून तो वडिलांना म्हणाला, "शरत गेला. मी नुसता त्याच्या जागेवर बसलोय."

दुसऱ्या कुठल्याही घरात रडारड झाली असती, अंगारा आला असता, नशीब असतं तर डॉक्टर आला असता. सदाशिवरावांनी चष्मा काढला आणि विचारलं, "चार्ज दिला काय त्यानं?"

"इल्ला, अप्पा."

"चार्ज देईनास्तं कसा गेला? आणि तू बसलास ते कुठल्या ऑर्डरवर?"

वडिलांनी त्याला फुलस्केप कागद दिले आणि आधी लिस्ट कर म्हणून सांगितलं. माणूस बसून व्यवस्थित लिस्ट करायला लागला की डोकं आपोआप ठिकाणावर येतं, असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. ही चूक जगात त्याच एका घरात होऊ शकत होती.

शरत तीन दिवस लिहीत होता. एकशेचौदा नोंदी झाल्या. ती लिस्ट मी पाहिली आहे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ती कपाटात ठेवलेली असते. हात दोन, पैकी उजवा परस्पर काम करतो. दात एकतीस. सावली एक, उन्हात चालू. आरशातला इसम एक, हजेरीला नियमित, बोलत नाही. आवाज एक, स्वतःचा, लांबून येतो. आवाज इतर, मोजदाद चालू. विचार सुमारे दोनशे, त्यांतले मालकीचे किती याची खात्री नाही. लहानपणच्या आठवणी एक पेटी, कुलूप उघडं, आत बघितलं असता दुसऱ्या कोणाच्या वाटतात. सदाशिवरावांनी तांबड्या पेन्सिलीने एकेक नोंद तपासली. दात मोजले. एकतीसच भरले.

आणि मग लिस्टमध्ये चूक सापडेना, तेव्हा त्यांनी तेच केलं जे ते चौतीस वर्षं करत आले होते. देणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं की संबंधित व्यक्ती चार्ज न देता निघून गेल्यामुळे यादी एकतर्फी केली आहे. खाली सही केली. हेडक्लार्कची सही झाली म्हणजे शरतचं जाणं अधिकृत झालं. पुढचे आठ महिने तो ऑफिसला गेला नाही, नीट जेवला नाही, आणि मांजर बघतं तसा कोपऱ्यातून सगळ्यांकडे बघत राहिला. एक दिवस शकुंतलाबाई नवऱ्याला न विचारता त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ती त्यांनी केलेली एकमेव बेकायदा गोष्ट. सदाशिवराव त्या सहीबद्दल पुढे कधी काही बोलले नाहीत. पण मरेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुठल्याही कागदावर तांबडी पेन्सिल चालवली नाही. मला त्या मेलेल्या माणसाचा फार राग यायचा. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की, मीसुद्धा तशाच एका उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आधी फॉर्म दिला असता.

गोळ्यांनी इतर आवाज पुष्कळ खाली आले. पण इनचार्ज राहिला तो राहिलाच. एकदा शकुंतलाबाईंचे गुडघे धरले होते म्हणून मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर यशस्विनी वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला स्वच्छ. त्या म्हणाल्या, "शरत कोण, कुठे जन्मला, कुठे शिकला, हे सगळं त्यांना माहीत आहे. त्या माहितीला 'माझं' चिकटत नाही, एवढंच. आपलं ते आपोआप चिकटलेलं असतं, म्हणून त्याला गोंद लागतो हे आपल्याला कळतच नाही."

अशा आजाराच्या माणसाला काही उद्योग असावा म्हणून शरत सकाळी रिंग रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, ओळखीची खूण. एक अक्षर चुकत नाही. हिनकलमध्ये कोणाला स्वतःचं नाव बदलून घ्यायचं असलं की लोक त्याच्याकडेच पाठवतात. तो अर्जदाराला नीट बसवून विचारतो, जुनं नाव कुठे ठेवणार? लोकांना वाटतं, हा विनोद करतोय.

इनचार्जचे नियम सगळ्या सरकारी कचेऱ्यांत असतात तेच. त्याने रोजचं काम बघायचं, धोरणाच्या बाबींना हात लावायचा नाही. त्यामुळे शरत भाजी आणतो, दळण आणतो, आईच्या गोळ्या वेळेवर देतो, पण दसऱ्याला कुठल्या रंगाचा शर्ट घ्यायचा ही धोरणाची बाब असल्याने ती शरत येईपर्यंत प्रलंबित राहते. अठरा वर्षांत त्याने स्वतःसाठी शर्ट निवडलेला नाही. एकदा एक स्थळ आलं होतं. त्याने मुलीच्या मामाला चहा दिला आणि फाइल ठेवून जायला सांगितलं. आईला तो 'शरतच्या आई' म्हणतो. आणि सही करत नाही. कधीही, कशावरही. सही शरतची आहे, दुसऱ्याने केली तर तो गुन्हा, आणि त्या घराण्यात खोटी सही कोणी केलेली नाही. गेल्या अठरा वर्षांत जिथे म्हणून सही लागली तिथे त्याच्या आईने काहीतरी करून निभावलं होतं.

मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी आमची बेल वाजली. दारात शरत होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"मॅडम, एक बाब रोजच्या कामाबाहेरची झाली आहे."

शकुंतलाबाई तुळशीपाशी साबणाच्या पाण्यावरून घसरल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. एका बाजूचा पाय विचित्र वळला होता आणि तरी त्या मला सांगत होत्या की शेगडीवर हुळी, म्हणजे आमटी, आहे, गॅस बंद कर. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की आज दुपारी दोनला ऑपरेशन करता येईल. आज राहिलं तर सोमवार. बहात्तराव्या वर्षी चार दिवस असं पडून राहिलं तर छातीत कफ भरतो, आणि मग ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही. हे त्यांनी शरतला समजावून सांगितलं. त्याने प्लेट कुठे बसवणार, भूल कुठली देणार, असे चार प्रश्न विचारले. ते माझ्या डोक्यात आले नव्हते.

नंतर आम्ही काउंटरवर गेलो. तिथे एक मुलगी होती, बिल्ल्यावर तिचं नाव होतं 'नव्या'. तिने फॉर्म पुढे सरकवला. पेशंटची सही झाली होती, खाली जवळच्या नातेवाइकाची हवी होती. समोर हजर असलेल्या नातेवाइकाची. सुमा मेलबर्नला, शकुंतलाबाईंचे भाऊ वरुणाला अंथरुणावर खिळलेले. मी म्हटलं, मी करते सही. नात्याच्या रकान्यात मी 'भाडेकरू' लिहायला लागले तर त्या मुलीने माझं पेन धरलं.

"भाडेकरू नाही चालत, मॅडम. मुलगा आहे ना हा?"

"मुलगा रजेवर आहे," शरत म्हणाला. "मी इनचार्ज."

"मग मुलाला फोन लावा, सार."

"नंबर चालू आहे. उचलायला मीच आहे."

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. "यांना बरं नाही का? कळतंय ना यांना?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय," मी म्हणाले आणि शरतला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. साडेबारा वाजले होते. मी त्याला काय काय बोलले, ते आठवलं की अजून लाज वाटते. तीन अक्षरं लिहायची आहेत, आई मरतेय तिकडे, नाटकं बंद कर, असलं सगळं. आवाज चढला होता. लोक बघत होते. शरत भिंतीला टेकून उभा होता.

"मॅडम, मी शरतची सही केली," तो म्हणाला, "आणि तो परत आला तर? तो म्हणणार, माझ्या नावावर माझी आई कापायला दिली कोणी? आणि नाही आला तर त्याहून वाईट. सही केली म्हणजे जागेवर माणूस आहे असं होतंय. आत बघितलं तर जागा रिकामी. मग ती सही कोणाची?"

त्याला आईसाठी सही करायची नव्हती असं नाही. त्याच्या जगात ती करायला माणूस नव्हता, आणि खोटा माणूस उभा करून तो आईला त्याच्या हवाली करायला तयार नव्हता. मला त्याच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती आणि इतकं हताशही कधी वाटलं नव्हतं.

आम्ही परत स्ट्रेचरपाशी गेलो. शकुंतलाबाईंना दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, पण त्या टक्क शुद्धीत होत्या. त्यांनी आमचे चेहरे बघितले.

"जानकी, कागद आहे काय तुझ्याजवळ? स्वल्प मोठा."

माझ्या पिशवीत आमच्या कंपनीचे हँडओव्हर फॉर्म होते. दुसरा कागद नव्हता. मी तो काढला. वर 'कर्मचाऱ्याचे नाव' आणि 'जाण्याचे कारण' असे रकाने होते.

"लिही. शकुंतलाबाई सदाशिवराव. कारण, भूल. दोन तास मी नसणार, अल्लवा? चार्ज देईनास्तं कशी जाऊ?"

शरत एकदम ताठ उभा राहिला. हे त्याच्या ओळखीचं होतं. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं.

त्या सांगत गेल्या आणि मी स्ट्रेचरच्या कडेवर कागद धरून लिहीत गेले. घराच्या किल्ल्या तीन, एक वाकडी. तुळस एक. फ्रिजमध्ये दोशाचं पीठ, उद्यापर्यंत संपवायचं. वरुणाच्या तांदळाचं पोतं, उघडं. देवापुढची समई, वातीचा डबा माळ्यावर. अशा अकरा बाबी झाल्या. अकरावी होती, वरच्या मजल्यावरची जानकी, एक, लवकर तापते. मी तेही लिहिलं.

"बारा," त्या म्हणाल्या. "मुलगा, एक. नाव शरत. एकोणीसशे ऐंशीपासून माझ्या चार्जमध्ये. मध्ये कोणाला दिलेला नाही. आज पूर्ण अधिकारासकट देणेत येत आहे."

माझं पेन थांबलं. शरतने मान हलवली.

"बारावी बाब येत नाही, शरतच्या आई. शरत गेलेत. जी वस्तू नाही ती लिस्टमध्ये घालता येत नाही. अप्पांची सही आहे त्याच्यावर."

"अप्पांची आहे. माझी कुठाय?" शकुंतलाबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण पक्का होता. "एकतर्फी म्हणून लिहिलं त्यांनी. पोराचा चार्ज होता माझ्याकडं. नऊ महिने जास्तीचे धर. माझ्याकडून कोणी घेतला नाही, मी कोणाला दिला नाही. मग तो गेला कसा? हे जानकीचं कामच आहे, तिला इचार."

शरत माझ्याकडे वळला. अठरा वर्षांत त्याच्या शंकेला कोणी तज्ज्ञ भेटला नव्हता, आणि आता समोर एचआरवाली उभी होती. मला हसू येत होतं. पण मी आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये वापरते तोच आवाज लावला.

"ज्याच्याकडे चार्ज आहे त्याने सोडल्याशिवाय माणूस कार्यमुक्त होत नाही. उठून गेला तरी नाही. हजेरीपटावर त्याचं नाव राहतंच. आमच्याकडे तरी असंच आहे."

"सरकारातही असंच आहे," शरत हळू म्हणाला. त्याने कागद वरपासून परत वाचला. मग म्हणाला, "वस्तू तपासून घ्यायला लागेल."

"घे की."

त्याने किल्ल्या मागितल्या आणि मोजल्या. मला समोर उभं करून अकराव्या बाबीपुढे बरोबरची खूण केली. मग बाराव्यावर बोट ठेवलं.

"ओळखीची खूण?"

"डावा गुडघा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "वरुणाला उसाच्या फडात कोयता लागलेला, सहा वर्षांचा असताना. रडला नाहीस. मी रडले."

दवाखान्याच्या त्या गजबजलेल्या कॉरिडॉरमध्ये शरतने चप्पल काढली, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि वाकून बघितलं. नर्सेस वळसा घालून जात होत्या. पांढरा पडलेला, बोटभर लांबीचा व्रण होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा.

"आहे," तो म्हणाला.

"स्थिती तूच लिही," आई म्हणाली.

त्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि बाराव्या बाबीपुढे त्याच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'जुनी, दुरुस्तीत, चालू.' मग घेणाऱ्याच्या जागी सही केली. शरत सदाशिवराव. खाली, शरतचा इनचार्ज. सही मधेच एकदा थांबली, कारण अठरा वर्षांत हात तिकडे गेला नव्हता.

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही काउंटरवर होतो. त्याने दवाखान्याच्या फॉर्मवर तीच सही तशीच्या तशी केली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म उलटसुलट बघितला.

"हे खाली इनचार्ज काय लिहिलंय?"

"तुमच्या या काउंटरच्या हेड कोण आहेत?" मी विचारलं.

"त्या रजेवर आहेत. मी इनचार्ज आहे," नव्या म्हणाली, आणि तिने शिक्का मारला.

ऑपरेशन चाललं तोवर शरत बाकावर बसून होता. हँडओव्हरचा कागद त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. मी इडली आणून दिली. त्याने खाल्ली. मी विचारलं, कसं वाटतंय? तो विचार करून म्हणाला, "जड आहे." इडलीबद्दल म्हणाला की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

बारा दिवसांनी शकुंतलाबाई वॉकर घेऊन घरी आल्या. घरात पाय टाकल्यावर पहिलं काम चार्ज परत घेण्याचं. तोच कागद टेबलावर आला. मी साक्षीदार. किल्ल्या तीन, एक वाकडी, बरोबर. तुळस जिवंत, दोन नवी पानं. दोशाचं पीठ संपलं, बदली पीठ ठेवलेलं आहे. तांदूळ. समई. जानकी, आहे तशीच. प्रत्येक बाबीपुढे त्या उलट सही करत आल्या आणि बाराव्यावर पेन टेकलं. शरतने त्यावर तळहात ठेवला.

"हे राहू दे माझ्याकडं."

"का? आले की आता मी."

"तपासणी संपली नाही," तो म्हणाला. मग कागदाकडे बघतच पुढचं बोलला. "आणि शरतच्या आई, तुम्ही बहात्तरच्या. तो कोणाला तरी द्यायला लागणारच होता की तुम्हाला. माझ्याकडं राहिलेला बरा. मला त्याची सवय आहे."

अठरा वर्षं शकुंतलाबाईंनी मनात कुठला प्रश्न वागवला होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं.

"सरि," त्या म्हणाल्या. "ठेव. सांभाळून ठेव."

बारावी ओळ अजून कोरी आहे. इनचार्जही अजून आहे, गोळ्याही आहेत, आरशातला इसमही हजेरीला नियमित येतो. परवा मी मोटरचं विचारायला खाली गेले आणि जुन्या खोडीने म्हटलं, "शरत आहे का?" तो जरा आत कुठेतरी बघून आला.

"आहे. माझ्याकडं आहे," तो म्हणाला. "काय काम होतं?"

त्या कागदाची एक झेरॉक्स त्याने मला रेकॉर्डसाठी दिली आहे. ऑफिसात माझ्या कपाटात दोन फाइली असतात, एक गेलेल्यांची आणि एक असलेल्यांची. ती मी असलेल्यांच्या फाइलीत लावली आहे.